पनवेल बंदर ते वडगाव: कंपनीच्या एका सहीचा घटनाक्रम

कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागले की तळेगाव गाठायला दीड तास पुरतो, घाटात कोंडी नसेल तर. 1778 च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीची फौज मुंबईहून होड्यांनी पनवेल बंदरात उतरली आणि चौक, खालापूर, बोरघाट अशी साधारण याच वाटेने निघाली. तळेगावला पोचायला तिला दीड महिना लागला. पुण्यापर्यंत ती पोचलीच नाही. 16 जानेवारी 1779 रोजी वडगाव मावळात तिच्या वतीने तहावर सही झाली आणि ती आल्या वाटेने परतली.

शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग महादजी शिंद्यांच्या विजयाचा म्हणून येतो. तो तसा आहेच, आणि त्याचा अभिमान वाटणे रास्त आहे. पण वडगावात हरलेला पक्ष राजा नव्हता. ती भागधारकांची, संचालकांची, दरसाल लाभांश वाटणारी कंपनी होती. तिची फौज एका समितीच्या मतदानावर चालत होती आणि तिची सही तिच्याच माणसांनी पुढे नाकारली. लढाईपेक्षा मला ही सही अधिक अस्वस्थ करते. तिची सुरुवात मावळात होत नाही, त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

178 वर्षे आधी: लंडन, 31 डिसेंबर 1600

इंग्लंडची राणी एलिझाबेथ सनदेवर शिक्का उठवते. लंडनच्या सुमारे 200 व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची 15 वर्षांची मक्तेदारी मिळते. जमलेले भांडवल आहे 68,373 पौंड. ही कंपनी अजून आजच्या अर्थाने कंपनी नाही. एका सफरीसाठी पैसे गोळा करायचे, जहाजे परतली की मिरी-लवंग विकून मुद्दल आणि नफा वाटून टाकायचा, पुढच्या सफरीला नवी वर्गणी, असा तिचा रिवाज. जहाज बुडाले तर त्या सफरीचा पैसा बुडाला, हिशोब तिथेच संपला.

पुढची पायरी डचांनी गाठली. 1602 मध्ये त्यांची कंपनी निघाली ती 64 लाखांहून अधिक गिल्डर भांडवलावर. एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये 1,143 जणांनी पैसे गुंतवले. त्यांत दिर्क व्हान ओस या संचालकाच्या घरची मोलकरीण निल्त्ये कॉर्नेलिस होती. तिने 100 गिल्डर लावले. ज्या समुद्राचे तोंडही पाहायचे नाही, ज्या माणसांशी आयुष्यात गाठ पडायची नाही, त्यांच्या मुलखातल्या व्यवहारात एक घरकाम करणारी बाई आपली पुंजी घालते आणि हवे तेव्हा तो भाग दुसऱ्याच्या नावे करू शकते. जगाच्या दृष्टीने ही गोष्ट नवी होती. सावकारी आपल्याकडे होती, हुंडी होती, भागीदारी होती. पण भागीदार मेला, निघून गेला, बदलला तरी ज्याचे आयुष्य खुंटत नाही असा कागदी देह आपल्या बाजारपेठांना माहीत नव्हता. इंग्रजांच्या कंपनीला हा कायमचा देह 1657 च्या सनदेने मिळाला. तेव्हापासून भांडवल परत वाटायचे नाही, फक्त लाभांश द्यायचा असे ठरले.

118 ते 111 वर्षे आधी

1661 ची सनद दुसऱ्या चार्ल्सची. तिच्यात एक अधिकार आहे, जो वडगावपर्यंत आपल्या सोबत येणार आहे. ख्रिस्ती नसलेल्या राजांशी युद्ध करायचा आणि तह करायचा अधिकार कंपनीला मिळतो. व्यापाऱ्यांच्या मंडळाला, नफ्यासाठी, तलवार.

27 मार्च 1668 रोजी त्याच राजाने पोर्तुगीजांकडून लग्नात मिळालेले मुंबई बेट कंपनीला देऊन टाकले. भाडे दरसाल 10 पौंड, सोन्यात. एका बेटावरचे कोळी, भंडारी, आगरी, त्यांची मिठागरे आणि माडांची वाडी एका राजाच्या हातातून संचालक मंडळाच्या वहीत गेली. कोणी त्यांना विचारले नाही, हे वेगळे सांगायला नको.

मुंबई घेतली खरी, पण तिचे पोट भरेना. समोर साष्टी, पलीकडे वसई, खाडीपार उरण-करंजा, घारापुरी आणि पनवेल, हा सगळा मुलूख पुढे मराठ्यांचा झाला. धान्य, लाकूड, बैल, सगळे तिकडून यायचे. मुंबई इलाख्याचा खर्च उत्पन्नाहून जास्त, आणि तूट बंगालच्या पैशातून भरली जायची. मुंबईच्या कौन्सिलाला साष्टीची हाव सुटली ती याच तुटीमुळे. तोट्यातल्या शाखेला एक मोठा सौदा करून सगळे एकदम भरून काढायचे असते. पुढचे सगळे याच घाईने घडवले.

सात वर्षे आधी: 1772 चे लंडन

1765 मध्ये बंगालची दिवाणी मिळाली आणि लंडनच्या बाजारात कंपनीचे भाग वधारले. बंगालचा महसूल म्हणजे आटणार नाही अशी विहीर, असे गुंतवणूकदारांनी गृहीत धरले आणि लाभांश साडेबारा टक्क्यांपर्यंत चढवला. त्याच काळात, 1769-70 मध्ये, बंगालमध्ये दुष्काळ पडला. माणसे मेली आणि महसुलाची वसुली चालू राहिली. 1772 मध्ये युरोपात पतपेढ्या कोसळल्या, कंपनीच्या गोदामांत चहा पडून राहिला, देणी भागेनात. इतकी मोठी कंपनी बुडू द्यायची कशी, म्हणून 1773 मध्ये पार्लमेंटने तिला 14 लाख पौंडांचे कर्ज दिले. बदल्यात लाभांशाला 6 टक्क्यांची मर्यादा घातली आणि रेग्युलेटिंग ॲक्ट आणला. त्या कायद्याने मुंबईने युद्ध किंवा तह करायचा तर बंगालच्या गव्हर्नर जनरलची परवानगी लागू लागली.

पण कायद्यात फट होती. फारच निकड असेल, किंवा लंडनहून थेट हुकूम आला असेल, तर परवानगीवाचून चालणार होते. एका कंपनीला आता तीन डोकी झाली: लंडनचे 24 संचालक, कलकत्त्याचा वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबईचा विल्यम हॉर्नबी. लंडनच्या पत्राला समुद्रमार्गे यायला निम्मे वर्ष सहज जाई. सोयीचे डोके निवडायला मुंबईकर साहेबांना भरपूर वाव मिळाला.

चार वर्षे आधी

पेशवा नारायणरावाच्या खुनानंतर पुण्यातल्या बारभाई कारभाऱ्यांनी हाकललेला, पेशवाईवर हक्क सांगणारा रघुनाथराव मुंबईच्या दाराशी आला. 1774 च्या डिसेंबरअखेर कंपनीने ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली होती. 1775 च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला. रघुनाथरावाने साष्टी आणि वसई द्यायची, फौजेचा खर्च म्हणून दरमहा दीड लाख रुपये मोजायचे आणि तारण म्हणून 6 लाखांचे जवाहीर ठेवायचे असे ठरले. कंपनीने त्याला पेशवाईवर बसवायचे. या तहाचे मसुदे वाचताना तो कर्जरोखा वाटतो: तारण, हप्ता, जामीन मुलूख. पुण्याची गादी ही या रोख्यातली मालमत्ता होती.

कलकत्त्याने हा तह अमान्य केला. कर्नल अप्टन पुण्याला आला आणि 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला. त्यात कंपनीने रघुनाथरावाचा पक्ष सोडायचे कबूल केले. मग लंडनच्या संचालकांचे पत्र आले की आम्हाला सुरतेचाच तह पसंत आहे. मुंबईला हवे होते ते डोके सापडले.

सुमारे 50 दिवस आधी: पनवेल, नोव्हेंबर 1778 चा शेवटचा आठवडा

फौज पनवेलला उतरते. सुमारे 3,900 माणसे, त्यांतले गोरे थोडे, देशी शिपाई बरेच. तोफा आणि धान्य ओढायला 19,000 बैल. हा आकडा नीट डोळ्यांसमोर आणावा. एका माणसामागे जवळजवळ पाच बैल. पनवेलच्या खाडीकाठी, आज जिथे भराव आणि इमारती आहेत त्या पट्ट्यात, गाड्यांच्या रांगा, वैरणीचे ढीग, हमाल, बाजारबुणगे. इतक्या जनावरांना दररोज पाणी आणि चारा लागतो, आणि तो वाटेतल्या मावळातून मिळेल असे गृहीत धरलेले.

कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट ग्रेनेडियर शिपायांच्या तुकड्या घेऊन पुढे जातो आणि 25 नोव्हेंबरला बोरघाट विनाविरोध घेतो. इथवर सगळे सुरळीत.

आणि इथेच फौजेचा खरा दोष दिसतो. या मोहिमेला एक सेनापती नाही. तिला समिती आहे, तिघांची: कौन्सिलचा जॉन कार्नाक, पुण्यात पूर्वी वकील म्हणून राहिलेला मॉस्टिन, आणि कर्नल चार्ल्स एजर्टन. निर्णय बहुमताने. मॉस्टिन सुरुवातीलाच आजारी पडून मुंबईला परत जातो. उरले दोघे, आणि अध्यक्ष म्हणून निर्णायक मत कार्नाकचे. दोघांत पहिला वाद लष्करी मानवंदना कोणाला द्यायची यावरून होतो. शत्रू अजून दिसलेला नाही.

23 डिसेंबरपर्यंत

घाटात तोफांसाठी वाट करण्यात आठवडे गेले. 23 डिसेंबरच्या सुमारास सगळी फौज खंडाळ्यास वर आली.

तेवढ्या वेळात पुण्यात काय झाले? पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीसांनी एक दिवस वाया घालवला नाही. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके एकत्र आले. भिवराव पानसे तोफखान्यासह घाटमाथ्याकडे आले. मुंबईतून काय निघते, कोण कोणाशी भांडते, याच्या बातम्या नानांकडे नियमित पोचत होत्या. हा कारभार पुण्यातल्या एका कचेरीतून, एका माणसाच्या हाताने चालला होता, आणि त्याची तुलना समोरच्या त्रिमुखी कंपनीशी केली तर फरक लगेच कळतो. रघुनाथरावाच्या नावाने सरदार फुटतील या हिशोबावर मोहीम उभी होती. एकही फुटला नाही.

16 ते 12 दिवस आधी: 31 डिसेंबर ते 4 जानेवारी

खंडाळ्याहून कार्ला 8 मैल. हे अंतर कापायला कंपनीच्या फौजेला 11 दिवस लागले. दिवसाला पाऊण मैल. एक ब्रिगेड उठायची, थोडी पुढे जाऊन थांबायची, मागची तिच्या जागी यायची. मराठे समोर येत नव्हते. डोंगराच्या सोंडेवरून तोफेचे चार बार, बाणांची फैर, आणि अंगावर चालून गेले की पसार.

31 डिसेंबरला लेफ्टनंट कर्नल के प्राणांतिक जखमी झाला. 1 जानेवारीला तिकडे मुंबईत मॉस्टिन वारला. 4 जानेवारीला कार्ल्याजवळ तोफेचा गोळा लागून स्ट्युअर्ट पडला. तो मराठ्यांच्याही कौतुकाचा शूर माणूस. त्याचे नाव मावळात इष्टुर फाकडा झाले आणि वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्याचे स्मारक आहे, लोक तिथे हात जोडतात. शत्रूच्या शौर्याला असे जपून ठेवणारा मुलूख म्हणून मला मावळाचा आदर वाटतो. स्ट्युअर्ट लढला तो समितीच्या ठरावासाठी, हे दुःख वेगळेच.

10 ते 7 दिवस आधी: 6 ते 9 जानेवारी

6 जानेवारीला एजर्टनने आजारपणामुळे सेनापतिपद कर्नल कॉकबर्नच्या हवाली केले. त्याला मुंबईला परतायचे होते, पण खाली कोकणात उतरायच्या वाटा मराठी स्वारांनी बंद केल्या होत्या. म्हणून तो परत छावणीत आला आणि समितीत बसून राहिला. पनवेलशी असलेली नाळ तुटली होती, आणि याचा अर्थ समितीने अजून घेतला नव्हता.

9 जानेवारीला फौज तळेगावी आली. पुणे 18 मैलांवर. गाव जळून खाक झालेले. नानांच्या हुकुमाने गावकऱ्यांनी आणि स्वारांनीच ते पेटवले होते. पुढे चिंचवड, आणि वेळ पडली तर पुणेही पेटवायची तयारी ठेवली होती. आपले राहते घर स्वतःच्या हाताने जाळायचे म्हणजे काय, ते ज्याने जाळले त्यालाच ठाऊक. तळेगावच्या त्या कुटुंबांची नावे कुठल्या तहात आली नाहीत, पण मोहीम मोडली ती त्या राखेवर. 19,000 बैलांच्या फौजेला तिथे काडीही मिळाली नाही.

5 दिवस आधी: 11 जानेवारी, दिवसा

समितीची बैठक. फौजेकडे 18 दिवसांचा शिधा शिल्लक होता. पुणे जवळ होते. मराठ्यांची संख्या इंग्रजी कागद 50,000 सांगतात. पुढे जाणे धोक्याचे होते, हे खरे, पण मागे जाणे त्याहून धोक्याचे होते, कारण मागची वाटही त्याच स्वारांच्या हातात होती. रघुनाथरावाने एक दिवस तरी थांबा म्हणून विनवले. समितीने परत फिरायचे ठरवले. त्याच रात्री.

मला हा निर्णय भित्रेपणाचा वाटत नाही, म्हणजे केवळ तेवढा वाटत नाही. ज्याने पैसा गुंतवला त्याला तोटा वाढू लागला की उरलेले वाचवून बाहेर पडावेसे वाटते. कार्नाक बरीच वर्षे कंपनीचा नोकर, तिच्या हिशोबात घडलेला. पण रानात, रात्री, शत्रूच्या वेढ्यातून बाहेर पडणे म्हणजे बाजारातून भाग विकून निघणे नव्हे, आणि हे समजून सांगणारा कोणी त्या बैठकीत नव्हता.

11 जानेवारी, रात्री 11

वद्य पक्षातली काळोखी रात्र. जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या. बरेच सामानसुमान पेटवले. गुपचूप निघायचे ठरवून कोठार पेटवणे, हे सगळ्या मावळाला दिसेल असे होते. ज्यांनी स्वतःची घरे जाळून नजर ठेवली होती त्यांना ती आग वेगळी ओळखू येणारच.

फौज निघाली. आघाडी, मध्ये बैल आणि बुणगे, पिछाडीला कॅप्टन जेम्स हार्टली आणि स्ट्युअर्टच्या ग्रेनेडियर तुकड्या. वडगाव इथून सुमारे 6 किलोमीटर. आजच्या पुणे-लोणावळा लोकलचे पुढचे स्टेशन.

पहाटे 2 च्या सुमारास

आघाडीवर गोळीबार सुरू झाला. समितीला वाटले होते मराठे झोपेत आहेत. काही वेळात पिछाडीवर हल्ला आला, सामानाच्या गाड्या लुटल्या जाऊ लागल्या. काळोखात बैल उधळले की माणसांची रांग तुटते. तुटलेली रांग पुन्हा जुळेना.

12 जानेवारी, उजाडताना

उजेड झाला तेव्हा चारही बाजूंनी मराठी फौज उभी दिसली. महादजींनी सगळा जोर पिछाडीवर टाकला, कारण पिछाडी फुटली की मधली गर्दी आपोआप आघाडीच्या अंगावर कोसळणार होती. हार्टलीचे देशी शिपाई मात्र फुटले नाहीत. घोडदळाचे हल्ले आले की ते थांबत, फैर झाडत, मग चार पावले मागे सरत.

हे शिपाई कोण होते? त्यांत कोकणातले, देशावरचे पुष्कळ. समोर मराठे, पाठीशी कंपनी. पगार कंपनीचा, भाषा समोरच्याची. कोणाचे नाव कागदावर नाही. याच तुकड्यांच्या पराक्रमावरून 1779 च्या नोव्हेंबरात मुंबईने वेगळी ग्रेनेडियर पलटण उभारली, आणि आजच्या भारतीय लष्करातली ग्रेनेडियर्स रेजिमेंट आपली वंशावळ तिथपर्यंत नेते. इतकी दखल मिळाली, हेही थोडे नाही.

सकाळी 10 च्या सुमारास

हार्टलीला मागे हटण्याचा हुकूम आला. तो मानला तर शत्रू बुणग्यांत घुसेल, हे ओळखून त्याने थांबायची परवानगी मागायला माणूस पाठवला. कॉकबर्नने मेजर फ्रेडरिकला वरचा अधिकारी म्हणून पाठवले. फ्रेडरिकने पाहिले की हार्टली ठीकच लढतो आहे, आणि त्याच्या हातातला ताबा काढून घेतला नाही. त्या दिवसात एवढा एकच निर्णय बैठकीवाचून झाला, आणि तो योग्य ठरला.

दुपार ढळताना

उरलेली फौज वडगावात शिरली. आधी बुणगे धावत आले, त्यांच्या मागे स्वार, त्यातच शिपाई. गावात एकच गर्दी. शेवटी तोफा मोक्याच्या जागी लावल्या आणि मराठ्यांना थोडे मागे रेटले. 6 किलोमीटरसाठी एक रात्र आणि दिवसाचा मोठा भाग गेला. त्या एका दिवसाची गणती: मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून 352, त्यांत 15 गोरे अधिकारी.

13 जानेवारी, पहाट

मराठ्यांच्या तोफा गावावर सुरू झाल्या. कॉकबर्न म्हणाला, इथून हलणे अशक्य. हार्टली म्हणाला, शक्य आहे, आणि कसे ते सांगितले. त्याचे कोणी ऐकले नाही. समितीचा सचिव फार्मर बोलणी करायला मराठी छावणीत गेला.

पहिली मागणी आली: रघुनाथराव द्या. समिती द्यायला तयार झाली. सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवून ज्याने मोहीम उभी केली, ज्याच्या नावाने ती निघाली, त्याला सोडून द्यायला फार वेळ लागला नाही. पण रघुनाथराव कंपनीला पुरता ओळखून होता. त्याने आधीच महादजींकडे संधान बांधले होते आणि तो स्वतःहून त्यांच्या स्वाधीन झाला.

14 आणि 15 जानेवारी

मग मराठ्यांनी तह मागितला. तेव्हा समितीने सांगितले की आम्हाला तह करायचा अधिकारच नाही, तो बंगालचा. उलट प्रश्न आला: मग पुरंदरचा तह मोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला होता? मोहिमेच्या सगळ्या कागदांत याहून नेमका प्रश्न मला सापडत नाही. व्यापारासाठी एक तोंड, युद्धासाठी दुसरे, आणि जबाबदारी मागितली की तिसऱ्या तोंडाकडे बोट, ही कंपनीची घडण दोन वाक्यांत उघडी पडली.

उत्तर नव्हते. मग समितीने होम्स नावाच्या आपल्या माणसाला पूर्ण अधिकारपत्र देऊन महादजींकडे पाठवले. ते देताना मनात असे राखून ठेवले की या अधिकारपत्राला काही किंमत नाही, कारण तसा अधिकार आपल्याला नाही. हे समितीने नंतर स्वतःच मान्य केले.

16 जानेवारी 1779

वडगावचा तह. 1773 पासून घेतलेला मुलूख परत: साष्टी, करंजा, घारापुरी. मुंबईच्या मदतीला बंगालहून येणारी फौज माघारी वळवायची. भडोचमधला कंपनीचा हिस्सा शिंद्यांना. शिंद्यांच्या माणसांना 41,000 रुपये. फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट (कार्ल्याला पडलेला तो नव्हे, दुसरा) हे दोघे ओलीस.

त्यानंतर शिंद्यांनी उरलेल्या फौजेला जाऊ दिले. वेढ्यात अडकलेली, उपाशी, जड तोफा गमावलेली फौज कापून काढता आली असती. महादजींनी तसे केले नाही, त्यांनी शब्दावर विश्वास ठेवला. शब्द एका कंपनीचा होता, हे त्यांना कदाचित अजून पुरते कळले नव्हते. त्यात त्यांना कमी लेखायचे कारण नाही. राजाचा शब्द मोडला तर राजाचे नाक कापले जाते, कंपनीचा शब्द मोडला तर कोणाचे?

तहानंतर

घाट उतरताच समितीने बंगालच्या फौजेला परत फिरण्याचे पत्र रद्द करणारे दुसरे पत्र पाठवले. त्या फौजेचा कर्नल गॉडार्ड परत न फिरता फेब्रुवारीअखेर सुरतेला पोचला. मुंबईने तह नाकारला, कलकत्त्यानेही नाकारला. लंडनच्या संचालकांनी कार्नाक, एजर्टन, कॉकबर्न तिघांना बडतर्फ केले. तीन माणसांवर खापर फुटले आणि कंपनी कोरी राहिली. ओलीस ठेवलेले दोघे मात्र मराठ्यांच्या ताब्यातच होते. रघुनाथराव झाशीकडे नेला जात असताना निसटून गॉडार्डकडे गेला आणि तारण म्हणून पुन्हा उपयोगी पडला.

युद्ध आणखी तीन वर्षे चालले. 1780 च्या डिसेंबरात वसई पडली. 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला. त्यात वसई परत आली, पण साष्टी, करंजा, घारापुरी कंपनीकडेच राहिली. वडगावातल्या उदारपणाबद्दल भडोच शिंद्यांना देण्यात आले. रघुनाथरावाला दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक मिळाली.

आज करंज्याकडून पाहिले तर न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. उरण-पनवेल-ठाण्याच्या 95 गावांवर नवी मुंबई उभी राहिली, आणि ते काम 17 मार्च 1970 ला कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या सिडकोकडे आले. सिडको सरकारी आहे, विधानसभेला उत्तर देते, तिची ईस्ट इंडिया कंपनीशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. पण जमिनीच्या व्यवहारात समोर माणूस हवा की कागदी देह, आणि सही कोणाची धरायची, हा प्रश्न या खाडीकाठच्या गावांनी पुन्हा विचारला, मोठ्या आंदोलनांतून विचारला, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे उत्तर झगडून मिळवले.

ईस्ट इंडिया कंपनीचे भागधारक वडगावाने गरीब झाले नाहीत. 1833 च्या सनदेने कंपनीचा व्यापार बंद केला, तेव्हा त्यांना साडेदहा टक्के लाभांश बांधून दिला. दरसाल 6,30,000 पौंड, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचा. मावळ, कल्याण, पनवेलचा शेतसारा तोवर त्याच तिजोरीत जात होता. 1857 चा उठाव झाला, 1858 मध्ये राज्य राणीकडे गेले, लाभांश चालूच राहिला. 1874 मध्ये 100 पौंडांच्या भागाला 200 पौंड या दराने सगळ्यांची रक्कम फेडून कंपनीचे खाते बंद झाले.